डाव्या चाकाच्या पाइपातला छर्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तरी धड सांगता येईल का — बघतो.

नव्वदच्या आसपास भिवंडीच्या नारपोलीत माझं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या फोर-व्हील जीपा माझ्याकडेच यायच्या. इस्माईलचाचांची जीप त्यातलीच. अकलोलीच्या गरम कुंडांवर जाणारी माणसं ते भिवंडीहून न्यायचे. आमच्यात एक रीत होती — ब्रेकचं काम केलं की पहिल्या फेरीला मिस्त्रीनं ड्रायव्हरशेजारी बसायचं. मी नेहमी बसायचो, अगदी ऐटीत!

त्या दिवशी त्यांच्या जीपच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक-सिलिंडर गळत होता. त्याचं रबर कुठं मिळेना. बाहेर पॅसेंजर खोळंबलेले, चाचांची घाई. मग मी — काय केलं असेल? बेअरिंगमधला एक छर्रा त्या चाकाच्या ब्रेकपाइपात बसवला, वरून नट आवळला. गळती बंद. त्या चाकाचा ब्रेकही बंद. अशी गाडी थांबते, पण ब्रेक जोरात दाबला की एका अंगाला ओढते. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

"चल रं, बस बाजूला," चाचा म्हणाले. मी म्हटलं, पोटात कळ येतेय, तुम्ही व्हा पुढं. पोट ठणठणीत होतं हो! भीती वाटली मला. आणि तरी त्यांना जाऊ दिलं.

उताराच्या वळणावर म्हैस आडवी आली. चाचांनी ब्रेक दाबला, जीप उजवीकडे ओढत खड्ड्यात गेली. दोन बायकांचे हात मोडले. स्टँडवर जो तो म्हणू लागला — म्हाताऱ्याला दिसत नाही. जीप ओढून माझ्याकडेच आणली. कुणी बघायच्या आत मी छर्रा काढला, नाल्यात फेकला.

चार दिवसांनी चाचा आले. "तुझ्या ब्रेकला बोल न्हाय. माझीच नजर गेली. स्टेअरिंग उजवीकडं कधी फिरवलं, कळलंच न्हाय."

त्यांनी काहीच फिरवलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "वय झालं, चाचा. आता गाडी सोडा."

सोडली त्यांनी. चाळीस वर्षांची ड्रायव्हरकी! मग गॅरेजसमोरच्या लूमच्या कारखान्याच्या ओट्यावर बसायचे. माझ्या हातून बारीकसा नट पडला तरी रस्त्यापलीकडून ओरडायचे, "टायरखाली गेला बघ!" नजर अशी होती त्यांची. रस्ता ओलांडायची वेळ आली की मात्र मला हाक मारायचे, माझा हात घट्ट धरायचे. मी धरू दिला. ते गेले तोवर — नऊ वर्षं.