फणसाच्या लाकडाचं दार

“इचारनारं हाय ना कोनतरी!” असं म्हणून काका फडकं खिडकीबाहेर झटकायचे आणि पुढच्या वस्तूकडे वळायचे.

आमच्या संग्रहालयात दिवसाला चार माणसं आली तरी गर्दी झाली म्हणायची, अशी परिस्थिती. मी वैतागून म्हणायचे, “काका, कोणासाठी एवढं पुसताय हो?” त्यावर त्यांचं हे ठरलेलं उत्तर. काका तिथले शिपाई, पहारेकरी, माळी, सगळंच. मी नावाची व्यवस्थापक.

पनवेलमध्ये तळ्यापासून जवळच तीन खोल्यांचं हे संग्रहालय. तुम्ही बहुतेक आला नसाल, कोणीच येत नाही. मिठागरातली लाकडी मापं, कर्णा हरवलेला ग्रामोफोन, पेंढा भरलेलं खवल्या मांजर, कोण्या जुन्या डॉक्टरांची दात उपटायची पक्कड. ज्याला जे घरात नको झालं ते त्याने इथे आणून दिलं. ती पक्कड पुसताना काका दुसरा हात स्वतःच्या गालावर ठेवायचे. मी हसले की म्हणायचे, “हसा तुमी. याच्यात किती जनांचं रडनं हाय!”

तिसऱ्या खोलीत एक दार होतं. चौकटीसकट, उंबऱ्यासकट, भिंतीपुढे उभं केलेलं. ते काकांच्या घरचं. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं विकली, वासे विकले. काकांनी दार टेम्पोत घालून इथे आणलं. कामोठ्यात चौथ्या मजल्यावर घेतलेल्या खोलीत एवढं दार ठेवणार कुठे? घरात काका आणि त्यांची आई, दोघंच. आईला जवळजवळ दिसत नव्हतं.

रोज संध्याकाळी, संग्रहालय बंद करायच्या आधी, काका ते दार उघडायचे. चपला बाहेर काढून, हात जोडून दोन मिनिटं बाजूला उभे राहायचे. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, तेव्हा दार बंद ठेवायचं नसतं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण दाराच्या मागे हातभर जागा आणि चुना लावलेली भिंत. मी एकदा थट्टा केली, “काका, घरच नाही तर लक्ष्मी येणार कुठे?”

“दार हाय ना,” ते म्हणाले. “आन घरी गेल्यावर आय इचारते, दार उघडलंस का रं. हो बोललो की मगच जेवते.”

मग एका शाळेची सहल आली आणि एका मुलीचं बोट त्या दारात सापडलं. नख काळंनिळं झालं, पालकांची तक्रार आली, विश्वस्तांनी मला फैलावर घेतलं. काका एक दिवस पळस्प्याला लग्नाला गेले. मी सुताराला बोलावून दार चौकटीला स्क्रूने पक्कं करून टाकलं. स्क्रू लाकडात खोल बसवले, वरून भोकं लांबीने बुजवली. माझ्या मते काम चोख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी दार ढकललं. परत ढकललं. “म्याडम, दार फुगलंय का?”

मी सांगितलं.

काकांनी दारावरून हात काढून घेतला. मग म्हणाले, “आयला काय सांगू?”

“सांगा उघडलं म्हणून! ती काय बघायला येतेय?” मी कागदांतून मान वर न करता म्हणाले. हे वाक्य मी बोलले आहे. आज कितीही वाटलं तरी ते परत घेता येत नाही.

काका खोटं सांगू लागले. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण संध्याकाळी माझ्याकडे न बघता निघून जायचे.

दिवाळी तोंडावर आली आणि आईने हट्टच धरला, दाराशी एक पणती लावायचीच. काकांनी आठवडाभर टाळलं. शेवटी रिक्षातून तिला संग्रहालयात घेऊन आले. पदरात पणती, वात, तेलाची बाटली, सगळं बांधून आणलेलं. म्हातारीने हातांनी चौकट चाचपली, उंबऱ्याला डोकं टेकलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग तिने दार ढकललं. नाही उघडलं. तिने कडी वाजवली.

“आतनं लावलंय कुनी,” ती म्हणाली. “थांब, येतील.”

आणि ती थांबली हो! कान दाराला लावून, माहेरी आलेल्या मुलीसारखी थांबली. काका माझ्याकडे बघत होते. मी धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला, लांबी उकरली. स्क्रू जागचे हलेनात.

त्या खरखरीने तिला सगळं कळलं असावं. लेकाच्या दिशेने मान वळवून ती एवढंच म्हणाली, “रोज उघडतोस म्हनालास.”

“चल. येऊन मागं फिरली असंल ती.” पणती न लावता तिने पदरात तशीच परत बांधली.

दुसऱ्याच दिवशी सुताराने स्क्रू काढले. पण त्या दिवसापासून काका आलेच नाहीत. आईने अंथरूण धरलं होतं. देवदिवाळीच्या सुमारास ती गेली.

तेरावं झाल्यावर काका किल्ल्या परत करायला आले. डोक्यावर नुकते केस फुटत होते. मी लगबगीने म्हणाले, “काका, दार उघडतं आता. बघा तरी.”

त्यांनी स्क्रूच्या भोकांवरून बोट फिरवलं. खिळ्यावरचं फडकं घेतलं, कडी पुसली, फडकं परत खिळ्याला लावलं.

“ऱ्हाऊ द्या, म्याडम. इचारनारं कोन नाय आता.”

ते गेले. कामोठ्यातली खोलीही सोडली म्हणतात.

रोज तिन्हीसांजेला आता मी ते दार उघडते, दोन मिनिटं उभी राहते आणि कुलूप लावून घरी जाते. घरी मला कोणी काही विचारत नाही.