मेल नको, फोन कर

आमच्या कॉलेजच्या खिडकीवरचे बाबूजी प्रत्येक नोटीस आधी ईमेलने पाठवतात, कारण तसा नियम आहे. मग चष्मा कपाळावर चढवून तीच नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात, कारण मेल कोणी उघडत नाही. माझा ईमेल आयडी तर आमच्या सिहोरा गावातल्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने काढलेला. पासवर्ड त्यालाच ठाऊक. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी माझ्या फोनवर बाबूजींचा आवाज आला, "काहून रे, मार्कशीट आणायची नाही का? पाचला यादी बंद करून राहिलो."

बसने धावतपळत पोचलो, तेव्हा कॉलेजच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. खिडकी उघडीच होती.

"कॉलेजचं घड्याळ पुढे पळतं," म्हणत त्यांनी माझी मार्कशीट घेऊन अर्जावर शिक्का मारला. माझा जीव भांड्यात पडला.

"चलो, आता घरी कळव. फोन कर हां, मेल नको."