साबीआ की सुपो

स्पॅनिश मी चंद्रपुरात घरी बसून मोबाईलवर शिकले. जंगल बघायला येणाऱ्या स्पॅनिश पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून बोलावणी येऊ लागली आणि मी जरा शेफारलेच. 'आता वाघालेही स्पॅनिश शिकवून राह्यली का?' असं शेजारीण विचारायची, तेही मला कौतुकच वाटायचं.

त्या सकाळी आमच्या जिप्सीचं मागचं चाक नाल्यावरच्या रपट्यात खचलं. रपटा म्हणजे पावसात पाणी ज्याच्यावरून वाहतं तो बुटका पूल. गाडी उलटली नाही, पण सोबतच्या स्पॅनिश पाहुण्या बाईंचं डावं मनगट मोडलं. दवाखान्यातून प्लास्टर घालून त्या थेट जंगलाच्या गेटवरच्या कचेरीत आल्या. ड्रायव्हर भाऊंचं अर्धं आयुष्य याच वाटांवर गेलेलं. बाईंनी तक्रारीत त्यांचं नाव लिहिलं की त्यांना गेट कायमचं बंद.

भाऊंनी जबाब दिला, "चाक खाली गेलं तवाच मले मालूम झालं का रपटा तुटला हाय."

कारकुनानं तो इंग्रजीत टाइप केला. माहीत होतं काय आणि माहीत झालं काय, त्यानं दोन्हीला एकच शब्द लावला: न्यू (knew). आणि मी शहाणी! भाऊंचं बोलणं कानांनी ऐकलेलं असताना कागद वाचला आणि बाईंना म्हणाले, "साबीआ." म्हणजे आधीपासून माहीत होतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "माहीत होतं, तरी नेलं?" त्यांनी पेन उचललं.

मी लगेच म्हणाले, "चुकलं माझं. सुपो म्हणायचं होतं. तेव्हा कळलं." मराठीसारखेच स्पॅनिशमध्येही दोन वेगळे शब्द आहेत, आणि घाईत मी नेमका उलटा उचलला होता.

"आता तुम्ही त्यांना वाचवताय," बाई म्हणाल्या. "पुन्हा विचारा. माझ्यासमोर."

मला रागच आला. विचारलं, "भाऊ, रपटा तुटला हाय हे तुम्हाले कवा मालूम झालं?"

भाऊंनी बाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "सांगतलं ना बाई. चाक खाली गेलं तवा."

त्या नजरेनं मला रपट्याआधीचा फाटा आठवला. तिथे गाडी हळू करून भाऊ म्हणाले होते, "वरच्या रस्त्यानं जाऊ का बाई? रपटा खचून राह्यला म्हनते." मी घड्याळ बघत म्हटलं होतं, "काही होत नाई भाऊ, चला." पाहुण्यांना मी ते सांगितलंसुद्धा नव्हतं. आणि या माणसानं कचेरीत बसल्यापासून माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. मला लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली, कारण आता गेट मलाही बंद होऊ शकत होतं.

बाई पेन धरून थांबल्या होत्या. "साबीआ की सुपो?"

स्पॅनिश क्रियापदाच्या शेपटातच कर्ता असतो. शेपूट बदललं की माणूस बदलतो.

"साबीआमोस," मी म्हणाले. आम्हाला माहीत होतं. मग फाट्यावरचं सगळं सांगितलं. वरच्या रस्त्यानं जाऊ कोण म्हणालं आणि चला कोण म्हणालं, तेही.

बाईंनी तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि 'तक्रार कोणाविरुद्ध' या रिकाम्या रकान्यावर पेन ठेवलं.

"तुमचं नाव मला नीट लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहा."