रिटायर फौजी तपासताना

भोर-वेल्ह्यातले रिटायर फौजी तपासणारी आमची टीम म्हणजे डॉक्टर, ड्रायव्हर आणि यंत्रं सांभाळणारी मी. नोकरीत अंगावर घेतलेला धूर, दणके, डिझेल म्हातारपणी काय करतात, ते बघायचं. सगळं कॉम्प्युटरात जातं. कॉम्प्युटर जे घेत नाही, ते माझ्याकडे साठत जातं.

आंबवड्याचे हवालदार तोफखान्यात होते. कानाला हेडफोन लावून मी ओरडून समजावलं, "आवाज आला की बोट वर करायचं." त्यांनी लगेच बोट वर केलं, ते खाली घेईचनात.

"आबा, मशीन अजून चालू केलं नाही."

"तुमचं नसंल," ते म्हणाले. "माजं पेन्शनीत आल्यापास्नं चालूच हाय."

गुंजवण्याच्या सुभेदारांचेही कान गेलेले. प्रश्न आमचे, उत्तरं त्यांच्या बायकोची. डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्यांना बोलू द्या."

"बोलू द्या की. नोकरीत व्हते तवा म्हनायचे, सुट्टीत बोलू. सुट्टीत म्हनायचे, रिटायर झाल्यावर बोलू. आता मी बोलते, तर ह्यास्नी ऐकू येत न्हाई."

सुभेदार मान डोलावत हसत होते. ती कौतुक करतेय, असं वाटलं असावं त्यांना.

सारोळ्याचे नाईक बर्फातल्या चौकीवर होते. बंद बंकर, आत सतत रॉकेलची शेगडी. सकाळी थुंकी काळी पडायची म्हणे.

"मग वर कुणाला सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला? काळी पडली म्हंजे शेगडी चालू हाय, गडी जित्ता हाय. जो थुंकायला उठायचा न्हाई, त्याला हलवून बघायचो."



फौजीशी तुलना करायला त्याच गावचा, त्याच वयाचा, फौजेत न गेलेला माणूसही लागतो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत दोघं भाऊ मिळाले. थोरला फौजेच्या वर्कशॉपमध्ये मास्क न लावता गाड्यांना रंग मारायचा. धाकटा जन्मभर मेंढरांमागं.

थोरल्यानं दम मोजायच्या मशीनच्या नळीत फुंकलं. स्क्रीनवरची रेघ जेमतेम उठली, आणि तो खोकत खाली बसला. मग धाकट्यानं फुंकलं. रेघ सरळ वर गेली.

डॉक्टर खूश झाले. "काय छाती आहे हो तुमची. फौजेत का नाही गेलात?"

"गेलतो की भरतीला, दोगंबी संगटच. छाती फुगत न्हाई म्हनून मला म्हागारी धाडला. दादा पास झाला. आईनं वाडीभर पेढे वाटले."

थोरला जमिनीकडं बघत होता.

"पुन्हा एकदा फुंका," डॉक्टर म्हणाले. "एकदा फुंकून चालत नाही."

धाकट्यानं दादाकडं बघितलं आणि नळी तोंडाला लावली. रेघ जेमतेम उठली.

"अहो, जोर लावा की."

"न्हाई ओ सायेब," तो म्हणाला. "येवढीच हाय."