उंबऱ्याबाहेरची चोरी

ती दुपार माझ्या मनातून अजून मावळलेली नाही. जेवून जरा कलंडले, डोळ्यांवर झापड आली, की पोलीस ठाण्याचं अंगण समोर येतं. थंडीतलं उबदार ऊन, हवेत तरंगणारा भाताचा भुसा आणि भिंतीला टेकून उकिडवी बसलेली एक कातकरीण. तिचा चेहरा आता धूसर झालाय. आवाज मात्र जसाच्या तसा येतो.

मी काही मोठी अधिकारी नव्हते. चौथी शिकलेली, शहापूर तालुक्यातली महिला होमगार्ड. बंदोबस्ताला, नाहीतर ठाण्यात बाईमाणूस आणलं की तिच्याजवळ बसायला मला बोलावणं यायचं. वय झालं तशी खाकी उतरली. बोलायला मी पहिल्यापासून बुजरी, म्हणून हे लिहून ठेवते. नाव कुणाचंच घालत नाही.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. सापगावच्या पलीकडच्या एका गावातून नवरा-बायको तक्रार द्यायला आले. घरातली सोन्याची बोरमाळ लाकडी पेटीतून गेली होती. माळ सासूची. सासू मुरबाडकडे डोंगराखालच्या गावी, लेकीकडं पाहुणी गेलेली. तिथं फोन लागत नाही. मुलगा म्हणाला, "साहेब, आईला एवढ्यात कळू देऊ नका. हाय खाईल ती. माळ हाताला लागली का मग सांगू."

हवालदारांनी विचारलं, "संशय कुणावर?"

"झोडाया कातकरणी आलत्या," सून लगेच म्हणाली.

तेवढं पुरलं. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, चोरी कुठंही होवो, जीप आपसूक डोंगराकडं, कातकऱ्यांच्या वाड्यांकडं वळते. त्यात एका शेजाऱ्यानं खबर दिली, की त्यातली एकजण फडक्यात काहीतरी बांधून घाईनं निघाली होती. उन्हं वर येईतो तिला वाडीवरून आणलंही.

हवालदार मनानं वाईट नव्हते. पण ठरावीक माणसांसाठी त्यांचा आवाज ठरलेला होता.

"माळ कुठं ठेवलीस? वाडीत कुणाकडं दिलीस?"

"माळ मी बघली पन नाय."

"फडक्यात काय होतं?"

"खळ्यातलं झाडलेलं भात, मातीसकट. त्यांनीच दिलं. इचारा त्यांना."

"आणि त्या भातात माळ?"

"साहेब, माळ घालून मी जाऊ कुठं? खेकडं धराया?"

बाजूला बसलेला शिपाई खुदकन हसला. हवालदारांनी टेबलावर हात आपटला, तशी ती माझ्या बाजूला सरकली. मग माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "बाय, उद्या वीटभट्टीची गाडी येनार. पोलिसात नाव लागलं का मुकादम गाडीत घेनार नाय. नवऱ्यालाबी नाय. माझ्या सासऱ्याचं एकदा नाव लागलं, तं मरंपरत त्याला दर चोरीला उचलीत व्हते."

फौजदार साहेब बाहेरून आले. सगळं ऐकून घेतलं आणि अंगणातल्या उन्हाकडं पाहिलं. सूर्य बुडाल्यावर बाईला अटक करता येत नाही. म्हणाले, "ऊन आहे तोवर काय ते ठरवू."

ऊन अंगणातून सरकत राहिलं. मला वाटत होतं, आम्ही सगळे पाण्याच्या तळाशी बसलोय, वरून कुणीतरी होडी वल्हवत नेतंय आणि होडीची सावली आमच्या अंगावरून जातेय. माणसांची बोलणी लांबून आल्यासारखी ऐकू यायची.

कातकरणीनं पाणी मागितलं. मी माठातून तांब्या भरून नेला. सुनेनं झटकन हटकलं.

"अगो, तांब्या नको देऊ तिच्या हातात! वरनं ओत. ओंजळीनं पिते ती."

माझा हात थांबला. माझ्या आईला गावात असंच पाणी मिळायचं. आमची वस्तीही गावकुसाबाहेरची. आणि थोड्याच वेळापूर्वी सुनेनं माझ्या हातून, त्याच तांब्यातलं पाणी घेतलं होतं. खाकीला कुणी जात विचारत नाही. मी तांब्या कातकरणीच्या हातात दिला.

सून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यात नाय चालत बा असलं. सासूबाईंचा नेमच हाय. कातकरीण वट्याच्या खाली. उंबरा तर सोडाच, वट्यालाबी हात लावू देत नाय आमी."

फौजदार साहेबांनी मान वर केली. "कधीच नाही?"

"कधीच नाय."

"झोडणीच्या दिवशी?"

"त्या दिवशी तर मी सोता दारात बसलेले. भाकरीबी लांबनंच टाकली."

"मागलं दार?"

"त्याला आतनं अडसर असतो."

"आणि पेटी कुठं असते?"

"माजघरात, देवाच्या..."

ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याला आधी कळलं होतं, तो खाली बघत होता. बाई चोर असेल तर त्यांचं घर बाटलेलं होतं. घर सोवळं असेल तर बाई चोर नव्हती. दोन्हीतलं एकच काहीतरी त्यांना घरी नेता येणार होतं.

"आता उंबऱ्याच्या आतली माणसं सांगा," साहेब म्हणाले. "आणि आधी तुमच्या आईला आणा."

जीप मुरबाडकडं गेली. परत आली तेव्हा ऊन कौलांवर चढलं होतं. म्हातारी पदर सावरत उतरली, आणि काय झालं ते ऐकून मुलावरच ओरडली.

"माळ कोन नेईल रे? कणगीत हाय की!"

"कणगीत कशी गेली?" साहेबांनी विचारलं.

"मीच ठेवली, भातात खुपसून. लेकीकडं जायाचं व्हतं, आनि अंगणात ह्या कातकरणी यायच्या. म्हनलं, जात चोराची, आपली वस्तू आपन संभाळावी."

"सुनेला सांगितलं नाही?"

"तिच्या पोटात काय ऱ्हातंय का?"

हे सगळं ती कातकरणीच्या समोर बोलली. रागानं नाही, द्वेषानंही नाही. यंदा थंडी जास्त आहे असं म्हणावं, तसं. मुलगा मोटारसायकलवरून घरी जाऊन माळ घेऊन आला. मण्यांच्या मधे भाताची कुसं अडकली होती.

साहेबांनी तिघांना चांगलंच सुनावलं. मग कातकरणीला म्हणाले, "यांनी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तुला तक्रार देता येते, तसा कायदा आहे. देतेस?"

तिनं घरच्या माणसांकडं पाहिलं. "देईन वो. पन मंग पुढल्या झोडनीला मला कोन बोलवील? तुमी?" साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. माझं नाव लागलंय तेवढं पुसा."

"नाव कुठंच लिहिलेलं नाही. अटक केली नाही, गुन्हा नाही."

"लिवलंच नाय तं पुसनार कसं?" ती म्हणाली.

साहेबांनी तिला जीपनं सोडायला सांगितलं. ती नको म्हणाली. "जीप दिसली का पोरं रानात पळतात." मग मीच तिच्यासंगं फाट्यापर्यंत चालत गेले. डोंगर निळे झाले होते. निरोप घेताना ती म्हणाली, "बाय, पुढल्या खेपेला तूच ये. चालत ये. मंग मी पोरांना सांगीन, पावनी आली."

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, की माणूस निर्दोष सुटतो म्हणजे मोकळा होतोच असं नाही. ती नुकतीच सुटली होती, आणि पुढल्या खेपेची गोष्ट करत होती, जशी आपण पुढल्या पेरणीची करतो. कागदावर लिहिलेलं खोडता येतं. लोकांच्या तोंडात बसलेलं कुठल्या पानावर खोडायचं?

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या गाडीत तिला जागा मिळाली, असं कळलं. पावसाळा तोंडावर आला तशी ती माणसं वाडीवर परतली, आणि तालुक्यात पुन्हा कुठंतरी चोरी झाली. हवालदार जीप काढायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून तोंड उघडलं. म्हटलं, "मी जाते साहेब, चालत."

वाडीवर पोचले. पोरं रानात पळाली नाहीत. दारात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. ती कातकरीण पुढं आली, हसली, म्हणाली, "पोरांनो, पावनी हाय." पण एकही पोर जवळ आलं नाही. माझ्या अंगावर खाकी होती.