पाय व्याह्यांकडे

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली — आता या वहीला सांगतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, त्यात डाव्या हातानं लिहितोय. उजवा का नाही, तेच सांगायचंय.

माझ्या मानेतल्या मोठ्या शिरेत औषधाची नळी होती. ती काढायला सिस्टर आली — बिर्ला नगरातल्या मिलमजुराची पोर. तिनं उशाकडून पलंग खाली केला, पायथ्याकडून वर. नळी ओढली, भोक दाबून धरलं, वर चिकटपट्टी लावली.

"बाबा, आधा घंटा ऐसे ही लेटना. उठे तो हवा अंदर चली जाएगी."

"हवेला कोण घाबरतं?"

"फौजी खानदान के हो ना? तो हुकुम मानो!" हसली, आणि पलीकडच्या पलंगाकडे गेली.

फौजेत वडील होते, संस्थानच्या. विलीनीकरणात फौज मोडली, ताठा घरात राहिला. मी काही फौजेत नव्हतो — ताठा तेवढा माझ्याकडे आला.

तेवढ्यात पडद्यामागून व्याह्यांचा आवाज. पाटणकर बाजारातून मला बघायला आलेले. आणि माझे पाय? वर — थेट त्यांच्या तोंडासमोर! मुलीच्या सासऱ्याला पाय दाखवायचे? उठून बसलो. उघड्या अंगावर सदरा ओढला, त्यात पट्टी निघाली. "या" म्हणायला श्वास घेतला — मानेत काहीतरी फुसफुसलं. व्याह्यांनी पडदा सारला तेव्हा मी पुन्हा आडवा कोसळलो होतो; उठलेलं कुणी पाहिलं नाही.

हवा मेंदूपर्यंत गेली, डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला. वाचा गेली. सगळे म्हणाले, सिस्टरनं पट्टी धड लावली नाही.

मग एका सकाळी खिडकीत कबूतर बसलं. "चल, हट," मी म्हणालो. स्वच्छ! ऐकलं फक्त कबुतरानं.

त्याच दुपारी मोठे डॉक्टर सिस्टरला घेऊन आले. तिनं माझा हात धरला — "बाबा, मैंने मना किया था ना? बोल नहीं सकते तो सर हिला दो बस."

मान हलत नव्हती का? हलत होती. पण व्याही शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर कबूल करू, की उठू नको म्हटलेलं असताना उठलो? — मी भिंतीकडे बघत राहिलो. तिनं माझा हात सोडला.

तिला कामावरून काढलं.

घरी आलो, आणि सगळ्यांदेखत "पाणी" म्हणालो. मुलगी रडली. व्याह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

गोड लागला.