चारपर्यंत मोजणारी कांता

खरं सांगा, तुम्हाला चारपर्यंत मोजता येतं का? हसू नका. समुद्रपूरच्या आमच्या जयंती मंडळाच्या बॅण्डमधल्या बारा बाप्यांना येत नव्हतं, अन् मिशा मात्र बाराही जणांना होत्या!

चालताना त्यांचं झकास चालायचं. डावा पाय एक, उजवा दोन. पण चौदा एप्रिलला झेंड्यापुढं उभं राहून सलामी वाजवायची वेळ आली, की पाय थांबले अन् मोजणीही थांबली. कोणी पुढं पळे, कोणी मागं. दरवर्षी पूर्ण चौक हसायचा.

पोलीस बॅण्डातून रिटायर झालेले पुंडलिकराव विहारात बॅण्डची इंग्रजी स्वरलिपी फळ्यावर खडूनं शिकवत. पोकळ अंडं म्हणजे चार मात्रा. अंड्याला काडी लावली की दोन. खडूनं भरलेलं अंडं, काडीसकट, एक. अन् आडव्या रेघेवर बसलेली चौकट म्हणजे दोन मात्रा गप्प. बाप्ये फळ्याकडं पाहतच नसत. विहार झाडायला येणारी कांता मात्र पाहायची.

दिवसभर ती जिनिंगमध्ये बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, निवडायची. बोटं निवडायची, ओठ मोजायचे.

"काय पुटपुटून राह्यली वं कांते?" शेजारची सुलोचना विचारे.

"अंडे मोजून राह्यली."

"कोंबडी कुठी हाय?"

"फळ्यावर!"

अठ्ठ्याण्णवच्या तेरा एप्रिलला ती सरळ म्हणाली, "सर, ड्रम मले द्या."

ड्रमवाला चंद्रभान भडकला. "हा का कापूस हाय?"

"उभ्यानं सलामी वाजवून दाखवा दोघंही," पुंडलिकराव म्हणाले. "ज्याची मोजणी टिकंल, त्याचा ड्रम."

चंद्रभान तिसऱ्याच ओळीत मोजणीच्या पुढं पळाला. मग कांतानं ड्रम गळ्यात घेतला. पोकळ अंडं, चार पूर्ण. काडीवालं, दोन. मग चौकट आली. तिच्या काड्या हवेत थांबल्या.

"विसरली, विसरली!" चंद्रभान ओरडला.

धाड! तिसऱ्या मात्रेवर काडी बरोब्बर पडली. पुंडलिकरावांनी खडू खाली ठेवला. "ते विसरली नाई, चंद्रभान. ते गप्प होती. तुले गप्प राहाता येत नाई, हेच तुयं दुखनं हाय."

दुसऱ्या दिवशी झेंड्यापुढं बॅण्ड थांबला. बाप्ये कांताच्या काड्यांकडं पाहत होते. दोन मात्रांच्या शांततेत चौकातलं एक लेकरूसुद्धा रडलं नाही. मग बाराही वाद्यांचा एकच ठोका पडला. त्या वर्षी कोणी हसलं नाही. शिट्ट्या मात्र दणकून पडल्या.

दोन हजार सहापर्यंत कांतानं नऊ पोरी तयार केल्या. सगळ्या बसून शिकल्या, मग उभ्यानं, मग चालत. चंद्रभान आता झांज वाजवतो, कांताकडं पाहून.

तुमच्याही मंडळाच्या खोलीत एखादा ड्रम धूळ खात पडला असेल. उद्याच तो पुसा, गावातल्या एका बाईच्या गळ्यात द्या, अन् तिची काडी हवेत थांबली, की मेहेरबानी करून मधात बोलू नका.